खिसा-फीडर : सोलापुरातल्या एका गणवेश कारखान्यातल्या नोंदी

१२ फेब्रुवारी

काम मिळालं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखाना, शाळेचे गणवेश शिवतात. शर्टाच्या खिशाचे कापलेले तुकडे थप्पीतून एकेक उचलायचे आणि तोंडपट्टी मारायच्या मशीनपाशी सरळ नेऊन ठेवायचे, एवढं करणारं यंत्र, म्हणजे फीडर, मी बनवून द्यायचा, एवढंच मागणं. शेठ म्हणाले, "शिवायचं कुठं सांगतोय? नुसतं हातात द्यायचं काम. पोरगंसुद्धा करतंय ते." दीड महिन्यात देतो म्हणालो. आगाऊ रक्कम घेतली.

वर्कशॉपात येऊन एक तुकडा सोनाराच्या काट्यावर ठेवला. साधारण १३ बाय १५ सेंटीमीटर, वजन २.३ ग्रॅम. यापूर्वी मी बनवलेल्या फीडरमध्ये सर्वांत हलकी वस्तू होती १८० ग्रॅमची बेअरिंगची कडी.

१४ फेब्रुवारी

घड्याळ लावून बसलो. साठ खिशांना ७ मिनिटं ४० सेकंद लागले, म्हणजे एकाला पावणेआठ सेकंद. आता यात शिवण किती? खिशाचं तोंड पाच इंच, इंचाला दहा टाके, म्हणजे पन्नास टाके. मशीन मिनिटाला चार हजार टाके मारतं. पन्नास टाक्यांना पाऊण सेकंद. उरलेले सात सेकंद उचलणं, सुटं करणं, घडी घालणं, प्रेशर फूटखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली, सरकवणं. म्हणजे ज्याला आपण शिलाई म्हणतो ती बहुतेक सगळी हातांची उचलाठेव आहे.

ऑपरेटरच्या डाव्या हाताला एक हेल्पर बाई बसतात. सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्या तुकडे सुटे करून मशीनच्या पाटावर एकाआड एक मांडतात. मान खाली, बोलणं शेजारणीशी तेलुगूत, बोटं आपली चाललेली.

२० फेब्रुवारी

सक्शन. चार रबरी कप, २० मिलिमीटरचे, आणि दाबाच्या हवेतून ओढ तयार करणारा इजेक्टर, ५ बारवर. पहिल्याच उचलीला तीन थर वर आले.

कारण डोळ्यांसमोर होतं, मीच बघितलं नव्हतं. कापड तोंडाला लावून फुंकर मारली तर पलीकडे धरलेल्या हाताला वारा लागतो. मग कपातली ओढ पहिल्या थरातून आरपार जाऊन दुसऱ्यालाही खेचणारच. पत्रा हवा अडवतो, कागद बराचसा अडवतो, शर्टिंग अडवत नाही. ओढ कमी करत गेलो तर एक वेळ अशी आली की काहीच उचलेना. 'काहीच नाही' आणि 'दोन' यांच्यामध्ये 'एक' नावाची जागा आहे, पण रेग्युलेटरच्या नॉबवर ती केसाएवढी.

२६ फेब्रुवारी

भोसरीतल्या मित्राकडून सुयांचा ग्रिपर मागून आणला. तिरक्या सुया दोन बाजूंनी बाहेर येऊन कापडात कैचीसारख्या अडकतात. किती बाहेर यायचं ते स्क्रूवर. कापडाची जाडी मायक्रोमीटरने ०.२४ मिलिमीटर भरली. सुई तेवढ्यातच थांबायला हवी, जरा पुढे गेली की खालच्या थराला टोचते.

पन्नास उचलीत एकेरी ४१, दुहेरी ६, रिकाम्या ३. तासभर स्क्रूशी झटून हा आकडा. मग शेठनी दुसऱ्या शाळेची चौकडी आणून ठेवली, जरा पातळ. झालं, पुन्हा शून्यापासून. हंगामात दिवसाला चार-पाच कापडं बदलतात. दर वेळी स्क्रू फिरवायला तिथे कोण बसणार आहे?

जाड सुटिंगला मात्र हा ग्रिपर चांगला चालेल. हाफ पँटच्या वेळी आठवण ठेवणे.

४ मार्च

रात्री जगात कोणी काय केलं ते वाचत बसलो. जपान सरकारने १९८२ साली स्वयंचलित शिलाईचा मोठा प्रकल्प हाती घेतला होता. तो अनेक वर्षं चालला, तरी शर्ट आजही माणसंच शिवतात हे वाचून धीर आला की घाम फुटला, सांगता येत नाही. अमेरिकेतल्या एका माणसाने २०१६ मध्ये वेगळीच शक्कल दाखवली. सेवबो हे त्या यंत्रणेचं नाव. कापड पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरमध्ये बुडवून पुठ्ठ्यासारखं ताठ करायचं, यंत्रमानवाकडून पत्र्यासारखं हाताळून शिवून घ्यायचं, आणि शेवटी गरम पाण्यात धुऊन कडकपणा काढायचा. मला फार आवडलं. प्रश्न कापडाच्या लुळेपणाचा असेल तर लुळेपणाच काढून टाका!

शेठना सकाळी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "चाळीस हजार शर्ट धुवून वाळत कुठं घालू, होटगी रोडवर?"

९ मार्च

बँकेत पैसे भरायला गेलो होतो. काउंटरवर नोटा मोजायचं मशीन फर्रकन चाललं होतं. तिथेच उभा राहून बघत बसलो, मागच्याने खांद्याला हात लावला तेव्हा पुढे सरकलो.

त्यात ओढ नाही, सुई नाही, नुसतं रबराचं चाक आहे. रबर आणि नोट यांच्यातलं घर्षण नोट आणि नोट यांच्यातल्या घर्षणापेक्षा जास्त, म्हणून वरची नोट निघते, आणि समोरचं अडवणारं रबर दुसरीला मागे धरून ठेवतं. कापडाला तसंच ढकललं तर ते पुढे जाणार नाही, गोळा होईल. पण गोळा होऊ दे की! थप्पीची एक बाजू दाबून धरायची, दुसऱ्या बाजूने चाक आत सरकवायचं. वरचा थर मध्ये कमानीसारखा उठेल. ती कमान चिमटीत पकडायची आणि उचलायची.

१७ मार्च

चाक तयार झालं. ३० मिलिमीटर व्यासाचं, त्यावर सायकल ट्यूबची पट्टी, स्टेपर मोटर, खाली दोन बोटांचा हवेवरचा चिमटा. शेठनी दिलेल्या ताग्यातून मी आणि पोरांनी कात्रीने पन्नास खिसे कापले. थप्पी लावली.

पन्नासपैकी पन्नास एकेरी. पुन्हा लावली. पन्नासपैकी पन्नास. पोरांना भजी मागवली.

१९ मार्च

कारखान्यात, त्यांच्या कापलेल्या थप्पीवर, पन्नासपैकी एकेरी २३. बाकी दोन-दोन, तीन-तीन, एकदा तर आठ तुकड्यांची वडी उठून आली. तेच कापड, तेच चाक, तीच हवा. शेठ काही बोलले नाहीत, चहा सांगितला. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

२० मार्च

आठ तुकड्यांची ती वडी घरी आणली होती. मुलाच्या प्रयोगाच्या पेटीतलं भिंग लावून कड बघितली. माझ्या कात्रीच्या तुकड्यांच्या कडेला सुताची पिसं दिसतात. यांच्या कडेला बारीक चकचकीत मणी, मेणबत्तीच्या ओघळासारखे, आणि ते मणी एका थरातून दुसऱ्यात गेलेले.

कापडात ६७ टक्के पॉलिएस्टर आहे. पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपास वितळतं. दीडशे थरांच्या लेमधून, म्हणजे कापायला एकावर एक पसरलेल्या कापडातून, उभ्या पात्याचं कटिंग मशीन जातं, पातं घासून तापतं, कड वितळते आणि थंड होताना शेजारच्या थराला डिंकासारखी धरते. म्हणजे महिनाभर मी पकडण्याचं यंत्र बनवत होतो आणि प्रश्न थर एकमेकांपासून सोडवण्याचा होता. कात्रीने कापलेल्या नमुन्यावर चाचणी घेणं हा शुद्ध माझा गाढवपणा.

दुपारी कटिंग मास्तरांकडे गेलो. ते तीस वर्षं कापतायत. "कड चिकटते," म्हटलं तर म्हणाले, "चिकटतेच. आजची गोष्ट आहे का?" पात्याला धार किती वेळाने देता, असं विचारल्यावर मात्र चष्म्यावरून बघितलं. "मशीन तुमचं चालंना, आणि धार माझी बघायला आलाय व्हय?"

परत आलो.

२४ मार्च

आज काही बनवलं नाही. सकाळी दहापासून अक्कांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. दोन तास त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मग म्हणाल्या, "काय बघताय दादा? बोटाचं काय बघायचं असतंय?"

पण बघण्यासारखं होतं. त्या बंडल सोडतात, पंचवीसेक तुकड्यांची थप्पी दोन्ही हातांत धरतात आणि ओल्या कपड्याला देतात तसा एक हलका पीळ देतात, आधी उजवीकडे, मग डावीकडे. अगदी बारीक आवाज येतो, पापड मोडावा तसा. मग अंगठा कडेवरून ओढतात, पत्ते पिसताना ओढतात तसा, फर्र. मग थप्पी खाली ठेवून वरच्या तुकड्यावर अंगठा टेकवतात, तर्जनीकडे जरासा ओढतात, कापडाची सुरकुती उठते, ती चिमटीत येते. हे शेवटचं तर माझं चाकच की! पण आधीचं पिळणं आणि पिसणं माझ्या यंत्रात कुठेच नव्हतं.

आणि आणखी एक. त्या कोपऱ्याला हात लावत नाहीत. कायम खिशाच्या तोंडाच्या बाजूने, मधोमध. का, विचारलं. "कोपरा निघत नाही लवकर. कोपऱ्याला चिकट असतंय." आपल्याला कोणी असं विचारतं याचंच त्यांना हसू येत होतं.

जेवणाच्या सुट्टीत कटिंग टेबलापाशी लांब उभा राहिलो, मास्तरांना दिसणार नाही असा. सरळ रेषेत पातं सुर्रकन जातं. खिशाच्या कोपऱ्यावर मास्तर मशीन थांबवतात, वळवतात, पुन्हा ढकलतात. त्या दोन सेकंदांत तापलेलं पातं एकाच जागी फिरत राहतं. तिथेच सर्वांत जास्त वितळतं. आणि मी चाक कुठे ठेवलं होतं? कोपऱ्यावर. कारण ड्रॉइंगवर कोपरा हा मोजायला सोयीचा बिंदू असतो.

२५ मार्च

अक्कांच्या अंगठ्याचा मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घेतला. आधी नाही म्हणाल्या, मग साडीचा पदर नीट केला, मग मी सांगितलं की फक्त अंगठा येणार, तर जरा हिरमुसल्या. व्हिडिओ दाखवला तेव्हा चार बायका गोळा झाल्या. अंगठ्याचं नख लांब आणि जाड. लग्नानंतर पंधरा वर्षं विड्या वळल्या, पानाचं तोंड नखाने दुमडून दुमडून नख तसं झालं, असं त्या म्हणाल्या. तेच नख आता दोन थरांमध्ये शिरतं.

व्हिडिओत अंगठा सरळ ओढत नाही. आधी खाली दाबतो, मग ओढतो, मग ओढता ओढता दाब सोडतो. माझं चाक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दाबाने घासत होतं.

२ एप्रिल

बदल केले. चाक तोंडाच्या बाजूला मधोमध आणलं. चाकामागे स्प्रिंगऐवजी छोटा सिलिंडर लावला, दाब आधी दीड बार आणि सुरकुती उठायच्या वेळी अर्धा. थप्पीचं पिळणं यंत्राकडून करून घ्यायचा नाद सोडला. थप्पी पिळून द्यायची ती अक्कांनीच.

पन्नासपैकी ४७. त्यांच्याच थप्पीवर.

८ एप्रिल

मास्तर स्वतः आले, खालच्या आवाजात म्हणाले, "सकाळपासून दर ताशी धार मारून बघतोय. आजचं बंडल लावा." लावलं. दोनशेपैकी १९६. त्यांनी आणखी दोन गोष्टी आपणहून केल्या : ले दीडशेवरून शंभर थरांवर आणला आणि दर पंचवीस थरांमागे मेणकागद घातला, त्याने पातं गार राहतं. हे सगळं त्यांना आधीपासून ठाऊक होतं. आजवर कोणाला गरज नव्हती, कारण अक्कांचा अंगठा सगळं निभावून नेत होता.

१९ मार्चच्या चहाचं ओझं जरा उतरलं.

११ एप्रिल

ऊन ४१. दुपारी दोननंतर सगळं बिघडलं. सुटा झालेला तुकडा चिमट्यालाच चिकटून बसतो, खाली पडतच नाही. हात नेला तर अंगावरचे केस उभे राहतात. स्थिर वीज. हायग्रोमीटर १९ टक्के आर्द्रता दाखवतोय. एवढ्या कोरड्या हवेत पॉलिएस्टरवर रबर घासणं म्हणजे केसांवर फुगा घासण्यासारखंच.

स्थिर वीज घालवणाऱ्या आयोनायझर बारची किंमत ऐकून शेठ माझ्याकडे बघत राहिले. तात्पुरतं म्हणून पितळी तारांचा ब्रश अर्थिंगला जोडून तुकड्याच्या वाटेवर लावला आणि कूलरचं तोंड मशीनकडे वळवलं. ओल्या हवेत वीज साठत नाही. सत्तर टक्के त्रास गेला, आणि कूलरजवळ बसायला मिळतं म्हणून फीडरची लोकप्रियता अचानक वाढली.

१८ एप्रिल

शंभरात दोन चुका तरी राहणारच. त्या मशीनच्या आत जाण्यापूर्वी कळायला हव्यात. दोन थर एकदम शिवले गेले तर उसवायला एक मिनिट जातं.

खालून उजेड, वरून सेन्सर. एक थर असेल तर जास्त उजेड, दोन असतील तर कमी. पांढऱ्या शर्टाला छान चाललं. मग गडद निळं कापड आलं आणि एका थरातच अंधार. निराश होऊन सहज ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी लावून बघितला, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तो. गडद निळ्यातून जवळपास पांढऱ्याइतकाच उजेड आला! रंग जो उजेड खातो तो आपल्या डोळ्यांना दिसणारा. इन्फ्रारेडला बहुतेक रंग नसल्यासारखेच, तो फक्त सुताने विखुरतो. या सेन्सरच्या लेखी सोलापुरातल्या सगळ्या शाळांचा शर्ट एकाच रंगाचा.

प्रत्येक नव्या कापडाला सुरुवातीला एक थर दाखवून हिरवं बटण, दोन दाखवून लाल बटण दाबायचं. पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा संगणक, दोन्हींच्या मधली किंमत धरतो. अक्कांना एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

६ मे

हंगाम भरात. १५ जूनच्या आसपास शाळा उघडणार, त्याआधी सगळं दुकानांत पोचायला हवं. फीडर लाइनवर घेतला.

१० मे

रोज चारच्या सुमारास दुहेरी खिसे बिनबोभाट पुढे जातात. साडेचार-पावणेपाचला आपोआप बंद. तीन दिवस पीएलसीचा प्रोग्राम उलटासुलटा तपासला. सेन्सर बदलला. आज चार वाजता मशीनला टेकून उभा होतो, मानेवर चटका बसला म्हणून वर बघितलं. छपराच्या पारदर्शक पत्र्यातून उन्हाचा पट्टा बरोबर सेन्सरवर. उन्हात इन्फ्रारेड भरपूर, त्यामुळे दोन थर असले तरी सेन्सरला वाटतं भरपूर उजेड आलाय, म्हणजे एकच.

बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आडोसा केला. एलईडी ठरावीक लयीत उघडझाप करून तेवढाच उजेड मोजायचा, हे खरं उत्तर. हंगामानंतर करीन. तोवर पुठ्ठा.

१४ मे

कापलेल्या तुकड्यावरचं नंबरचं स्टिकर सेन्सरखाली आलं की मशीन 'दोन थर' म्हणून थांबतं. स्टिकर लावणाऱ्या मुलीला जागा दोन इंच सरकवायला सांगितली. मिटलं.

२९ मे

आता एका खिशाला पाच-सव्वापाच सेकंद लागतात. आठ तासांत आज ४६०० निघाले. आधी ३२०० ला टाळ्या वाजायच्या. शेठ खूश. म्हणाले, अजून दोन फीडर करा, आणि अक्कांना धागे कापायला पाठवू.

मी म्हटलं, शेठ, त्या गेल्या की फीडर ४७ वरून २३ वर येईल. थप्पी मोकळी करणं हे अर्धं यंत्र आहे आणि ते त्यांच्या हातात आहे. तीन मशीनना थप्प्या त्या देतील, कापड बदललं की बटणं त्या दाबतील. हेल्परचा रोज देऊ नका, ऑपरेटरचा द्या. शेठ म्हणाले, "बघू." सोलापुरात 'बघू' हा नकारही असतो आणि होकारही. बिल देताना पुन्हा विचारणार आहे. माझं बिल थोडं लांबलं तरी चालेल.

१२ जून

मास्तरांनी कटिंग टेबलामागच्या भिंतीवर खडूने धार मारायच्या वेळा लिहायला सुरुवात केली आहे. कोणी सांगितलं नव्हतं.

३ जुलै

पाऊस लागला. स्थिर वीज नाही, पितळी ब्रश नुसता शोभेला. पण आता दमट कापड एकमेकांवरून सरकायला कुरकुरतं आणि चाक जागच्या जागी घसरतं. सायकल ट्यूबही गुळगुळीत झाली आहे. सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात दहा-बारा रिकाम्या उचली. तेवढा वेळ अक्का चाकाला ओलं फडकं लावून पुसतात, मग बरं चालतं म्हणतात. का चालतं ते मला कळलेलं नाही. धूळ निघते म्हणून असेल.

त्यांचा रोज १ तारखेपासून वाढला, मागितल्याच्या निम्मा.

उद्या : पॉलियुरेथेनची दोन चाकं कडकपणा वेगवेगळा घेऊन घासून बघणे. पुठ्ठ्याचा आडोसा भिजून वाकलाय, पत्र्याचा करणे. हाफ पँटचे खिसे सुटिंगचे, भोसरीला सुयांच्या ग्रिपरसाठी फोन.